‘सर्वांत स्वस्त’ या वचनाचा हिशेब कोण मागणार?

‘हीच वस्तू दुसरीकडे स्वस्त मिळाली तर फरक परत’, ‘सर्वांत कमी भावाची हमी’ अशा पाट्या मोठ्या दुकानांत आणि मोबाईलवरील जाहिरातींत आता सर्रास दिसतात. वरवर पाहता हे गिऱ्हाईकाच्या हिताचे वचन आहे. परंतु हे वचन तपासणार कोण आणि मोडले तर जाब विचारणार कोण, हा प्रश्न आपल्या समाजाने विचारला पाहिजे. कारण महिन्याच्या पगारातला मोठा वाटा किराण्यात जातो, तो गरिबाच्याच घरात.

अशा वचनाचा मनावर होणारा परिणाम अभ्यासकांनी तपासला आहे. संजय जैन आणि जॉयदीप श्रीवास्तव यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, फरक परत देण्याचे वचन देणाऱ्या दुकानात भाव कमीच असणार असे लोक गृहीत धरतात. एकदा असे धरले की चार ठिकाणी चौकशी करण्याची गरज कशाला वाटेल? दुसरी बाजू स्टीव्हन सॅलॉप या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९८६ साली मांडली. मी भाव उतरवला तर समोरचाही लगेच उतरवणार, गिऱ्हाईक काही माझ्याकडे येणार नाही, हे प्रतिस्पर्ध्याला कळले की तोही भाव उतरवत नाही. म्हणजे स्वस्ताईचे वचन भाव चढे ठेवण्याच्या कामीही येऊ शकते!

आता कळंबोलीकडे पाहा. सिडकोने वसवलेल्या या वसाहतीत लोखंडाचा मोठा बाजार आहे. तिथला खरेदीदार कोणाच्या पाटीवर विसंबत नाही. चार व्यापाऱ्यांकडून दर मागवतो, गाडीभाडे धरतो, वजनकाट्याची पावती पाहतो आणि मगच सौदा करतो. तेच लोखंड दिवसभर उचलणारा माथाडी मात्र संध्याकाळी पाटी वाचून पिशवी भरतो. तो अडाणी आहे म्हणून नव्हे. चार दुकाने फिरायला त्याच्याकडे वेळ नाही आणि शंभर रुपयांच्या फरकासाठी बुडालेला खाडा त्याला परवडत नाही. जो उधारीवर माल घेतो, त्याला तर भावाबद्दल बोलण्याचीच सोय नसते. त्यातच हमीच्या खाली बारीक अक्षरात अटी असतात: ब्रँड तोच हवा, मॉडेल तेच हवे, दुकान त्याच शहरातले हवे, मुदत इतक्याच दिवसांची. दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडची डाळ तर दुसरीकडे मिळतच नाही, मग तुलना कशाशी करणार?

‘छापील किमतीवर चाळीस टक्के सूट’ हेही असेच. कमाल किरकोळ किंमत पाकिटावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे, पण ती किती असावी हे उत्पादकच ठरवतो. ज्या फूटपट्टीने सूट मोजायची, ती फूटपट्टीच विकणाऱ्याच्या बाजूची.

बिग बझारने २००६ साली २६ जानेवारीलाच ‘सबसे सस्ता दिन’ साजरा केला. दुकानांपुढे रांगा लागल्या, गर्दी आवरेना. पुढे दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास स्वस्ताईच्या जाहिरातींचा पूर येऊ लागला. २०२२ साली बिग बझारचा बाजार उठला, पण प्रथा राहिली. ज्या दिवसापासून राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण पाऊल टाकणार आहोत, असा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता, तो हाच २६ जानेवारी. त्या दिवशी नागरिकाला केवळ गिऱ्हाईक म्हणून रांगेत उभे केले जावे, याची आपल्याला खंत वाटायला नको काय?

स्वस्त घेऊ नका, असे कोणी म्हणणार नाही. गरिबाला स्वस्त मिळालेच पाहिजे. परंतु वचनामागे यंत्रणा नसेल तर ते फक्त शब्द राहतात, हे कळंबोलीच्या माथाडीइतके कोणाला ठाऊक आहे? ‘मजुरी मिळेल’ या मुकादमाच्या शब्दावर पिढ्या गेल्या. १९६९ चा माथाडी कायदा झाला, मंडळ आले, नोंदवही आली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, तेव्हा कुठे शब्दाला किंमत आली.

ग्राहकाच्या हातातही आज कायदा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर दंडाची तरतूद केली. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबाबत जिल्हा आयोगाकडे तक्रार करायला शुल्क नाही. रायगडचा आयोग अलिबागला असला तरी तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. २०२१ च्या दुरुस्तीने पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर छापणेही आले. सुटीचा आकडा सोडून तो दर वाचायला शिकले पाहिजे.

हे एकट्या माणसाचे काम नव्हे. वस्तीतील महिला मंडळांनी आणि बचत गटांनी महिन्यातून एकदा दहा जिनसांचे भाव तीन दुकानांतून आणून बुद्धविहाराच्या फळ्यावर लिहावेत. प्रत्येकाने पक्के बिल मागावे आणि ते जपावे. फरक परत देण्याची हमी देणाऱ्या दुकानदाराकडे तिच्या सर्व अटी मराठीत, ठळक अक्षरात लावण्याची मागणी करावी. संघटित होऊन मजुरीचा दर ठरवून घेणाऱ्या समाजाला डाळीचा दर तपासणे अवघड नाही.