टंचाईची दवंडी केव्हा पिटावी? पैसेवारीपासून मेमरीपर्यंत

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा होरपळला. निजामकाळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव आटला आणि शहर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसले. त्या काळी टंचाई ठरवण्याचे सरकारी माप म्हणजे पैसेवारी. प्रमाण उत्पन्नाच्या तुलनेत पीक किती आले याचा अंदाज घ्यायचा. तो पन्नास पैशांखाली गेला की टंचाई मान्य. नजरअंदाज, सुधारित, अंतिम अशा तिच्या पायऱ्या. अंतिम आकडा लागेपर्यंत खरीप वाचवण्याची वेळ केव्हाच टळलेली असे.

संगणकाच्या कार्यप्रणालींच्या इतिहासात हीच पैसेवारी पुन्हा भेटते.

लिनक्सचा रिवाज पाहा. प्रोग्रॅमने मेमरी मागितली की ती बहुधा मंजूर होते, प्रत्यक्षात तेवढी शिल्लक असो वा नसो. वचने निभावणे अशक्य झाले की यंत्र आधी डिस्कशी झुंजत गोठते. मग ‘ओओएम किलर’ एक प्रोग्रॅम निवडून ठार करतो. बळी मुख्यतः तोच, ज्याने सर्वाधिक मेमरी व्यापली आहे. त्यात कोणाचा अर्धा भरलेला शिष्यवृत्तीचा अर्ज होता, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. याला व्यवस्थापन म्हणणे हा शब्दांचा अपमान आहे.

दुसरा मार्ग ठाऊक नव्हता असेही नाही. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये अवघी १२८ किलोबाइट मेमरी होती. तरीही ‘हे सामान गरज पडल्यास फेकून द्या’ अशी खूण प्रोग्रॅमला आपल्या मेमरीवर करता येई, आणि जागा संपत आली की प्रणाली त्याने नेमून दिलेल्या उपक्रियेला हाक मारी. कोणती वस्तू पुन्हा मिळवता येईल आणि कोणती गेली तर कायमची जाईल, हे मालकालाच ठाऊक असते. प्रणालीला केवळ आकडे दिसतात.

यावर ठरलेला आक्षेप असा, की प्रोग्रॅम स्वार्थी असतात. इशारा दिला तरी ‘शेजारी सोडेल’ म्हणून प्रत्येक जण बसून राहील. आक्षेप खोटा नाही. पण आयफोनने त्याला २००८ पासूनच उत्तर दिले आहे: आधी सूचना, आणि ताण हटला नाही तर हकालपट्टी. इशाऱ्यामागे दंड असला की तो ऐकला जातो.

२०१८ साली एक विलक्षण योग जुळला. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पर्जन्यातील तूट, जमिनीतील ओलावा, पिकांची हिरवाई हे निकष आणले होते. त्यांच्या आधारे महाराष्ट्राने ऑक्टोबर २०१८ अखेरीस १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. जालन्याचे तालुकेही त्यात होते. त्याच डिसेंबरात लिनक्स ४.२० मध्ये ‘पीएसआय’ हे नवे माप आले. मेमरीची वाट पाहण्यात कामांचा किती वेळ वाया जातो, ते हे माप सांगते. साठ्याऐवजी ताण मोजला, तर कोसळण्यापूर्वी बोलता येते.

आणि अँड्रॉइड? २०११ मध्ये त्याने अ‍ॅपना ताणाच्या चढत्या पायऱ्या कळवण्यास आरंभ केला होता. २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून त्यांतील बहुतेक सूचना बंद झाल्या. समोर चालू असलेल्या अ‍ॅपला मेमरी घटत असल्याचे सांगणाऱ्या तिन्ही पायऱ्या त्यात गेल्या. दोन जीबीच्या स्वस्त फोनवर ज्यांचे सारे जग चालते, त्यांच्या वाट्याला पुन्हा अंतिम पैसेवारीच आली.