नागलीची भाकरी

१९५४ साली पोर्तुगीज अंमलातून मुक्त झालेल्या नगर हवेलीच्या मुलखात, सुरंगीच्या परिसरात, वारली-कोकणा घरांच्या चुलीवर पिढ्यानुपिढ्या भाजली गेलेली नागलीची भाकरी, संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळल्यावर, नागर ताटात एकाएकी प्रतिष्ठित झाली. तिची मूळ धनीण मात्र एव्हाना शिध्याच्या पांढऱ्या तांदळाकडे वळली होती! शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, पॉलिशच्या तांदळात जेमतेम दहा. कढत पाण्यात मळलेले पीठ तळहातावर थापून तव्यावर टाकावे, वरून पाण्याचा हात फिरवावा, की कडा सुटू लागतात. सोबत उडदाची आमटी. रोजच्या ताटात ही भाकरी एक तरी असावी, असा आमचा आग्रह आहे, आणि तीही गरम, कारण निवलेली नागली चिवट होते.