दिनविशेष : अठरा मे



अठरा मे म्हणजे ऐन कृत्तिकेचे ऊन. जळकोटच्या माळावर ढेकळे तापून पडलेली, लग्नसराई सरत आलेली आणि सगळ्यांचे डोळे रोहिणीकडे लागलेले. कॅलेंडरात या तारखेला ना सण, ना सुट्टी. पण या एका तारखेच्या पोटात किती गोष्टी दडल्या आहेत, ते आज पाहू.

पहिली गोष्ट १९१० सालची. त्या वर्षी हॅलेचा धूमकेतू आला होता. १८ आणि १९ मेच्या सुमारास पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाणार, असे शास्त्रज्ञांनी गणिताने सांगितले. त्या शेपटीत विषारी वायू आहे, अशी बातमी फुटली आणि युरोप-अमेरिकेतल्या शिकल्या-सवरलेल्या लोकांचीही गाळण उडाली. काहींनी दारे-खिडक्यांच्या फटी बुजवल्या. लबाडांनी धूमकेतूवरच्या गोळ्या विकून पैसा केला. प्रत्यक्षात काय झाले? काहीच नाही! शेपटी इतकी विरळ, की कोणाला साधी शिंकही आली नाही. हाच धूमकेतू १९८६ साली पुन्हा येऊन गेला. आता येईल तो २०६१ साली, नातवंडांना दाखवायला.

दुसरी गोष्ट १९१२ सालची, आपल्या विठोबाच्या भक्ताची. मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये १८ मे रोजी 'श्री पुंडलिक' हा मूकपट लागला. तो केला दादासाहेब तोरणे यांनी. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला त्यानंतर जवळजवळ वर्षाने, ३ मे १९१३ रोजी. तोरण्यांचा चित्रपट म्हणजे रंगभूमीवरच्या नाटकाचेच चित्रण होते आणि त्याची फिल्म धुवायला विलायतेला पाठवावी लागली. म्हणून आद्य चित्रपटकाराचा मान बहुतेक जण फाळक्यांनाच देतात. तरीही पडद्यावर पहिला आला तो आईबापांच्या सेवेसाठी देवाला विटेवर थांबवणारा पुंडलिक, ही गोष्ट वारीच्या मुलखातल्या माणसाला गोड वाटावी अशीच आहे.

तिसरी गोष्ट तर आपल्या घरचीच. १८ मे १९७२ रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच दिवशी कोकणासाठी दापोलीचे विद्यापीठही झाले, म्हणजे ही दोन्ही जुळी भावंडे. तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते आणि पुढे २०१३ साली परभणीच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव दिले गेले. आपला लातूर जिल्हा तेव्हा जन्मलाही नव्हता, तो उस्मानाबादेतून वेगळा झाला १९८२ साली. विद्यापीठ झाले आणि त्याच पावसाळ्यात पावसाने दगा दिला. बहात्तरचा दुष्काळ, खडी फोडायची कामे, सुकडीचे वाटप हे सारे जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर अजून उभे आहे. त्या विद्यापीठाचे वाण आज आपल्या बांधापर्यंत आले आहेत. परभणी मोती ज्वारी, बदनापूरची बीडीएन ७११ तूर, सोयाबीनचे एमएयूएस ७१ आणि ६१२. स्थापनेच्या दिवशी परभणीला खरीप शेतकरी मेळावा भरवण्याचा प्रघातही पडला आहे.

चौथी गोष्ट १९७४ सालची. १८ मेच्या सकाळी राजस्थानात पोखरणला भारताने पहिला अणुस्फोट केला. त्याचा शेतीशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. त्यामागे मुंबईच्या तुर्भ्याचे जे भाभा अणुसंशोधन केंद्र होते, तिथेच बियाण्यावर किरणांचा मारा करून नवे वाणही काढले जातात. उडदाचा टीएयू १ हा वाण पुष्कळांनी पेरला असेल. त्यातला 'टी' तुर्भ्याचा म्हणजे ट्रॉम्बेचा, 'ए' अकोल्याचा आणि 'यू' उडदाचा!

शिवाय १९७७ पासून हा दिवस जगभर संग्रहालय दिन म्हणून पाळतात. पुण्याला दिनकर केळकरांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने दिवे, अडकित्ते, भांडी असल्या साध्या घरगुती वस्तूंचे केवढे संग्रहालय उभे केले! तुमच्या माळवदावर पडलेले चाडे, कोपऱ्यातले जाते भंगारात घालण्यापूर्वी लेकरांना त्याचा उपयोग तरी समजावून सांगा.

आता या दिवसाचे आपले काम. धूमकेतूच्या गोळ्या विकल्या गेल्या, कारण लोकांनी ऐकीव गोष्टीवर भरवसा ठेवला. बियाण्याचे तसे करू नका. घरच्या सोयाबीनची उगवण आजच तपासा. प्रत्येक पोत्यातले थोडे थोडे बी घ्या, निवडून चांगले तेवढे घेऊ नका. त्यातले १०० दाणे मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा रांगा लावा, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि ओल टिकेल एवढे पाणी शिंपडत राहा. सात-आठ दिवसांनी उघडून सशक्त कोंब मोजा. ७० किंवा जास्त निघाले, तर एकरी ३० किलो बी पुरे. ६५ निघाले तर सव्वाबत्तीस, ६० निघाले तर ३५ किलो लागेल. त्याहून कमी असेल, तर ते बी पेरणीला वापरू नका. सोयाबीनचे टरफल पातळ असते, म्हणून पोती आपटू नका. माउलींनो, हे काम तुमच्या हातचे आहे. कोंब मोजायला शाळेतली पोरे बसवा.

आज गोणपाट बांधले, तर रोहिणी निघता निघता निकाल हाती येईल. बी बदलायचे ठरले, तर मृगापर्यंत बारा-तेरा दिवस उरतात. मृगात धावाधाव केली, तर मिळेल ते बी आणि सांगतील तो भाव. आणि पेरा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच. आपल्या हलक्या माळरानावर दुबार पेरणीचा खर्च त्या वर्षाच्या पिकातून निघत नाही.

कॅलेंडरात अठरा तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने एवढेच लिहून ठेवा : 'बी भिजवले.' आणि पुढे सव्वीसच्या चौकटीत निघालेल्या कोंबांचा आकडा. तुमच्या घरचा दिनविशेष तोच.