पोटगीच्या थकबाकीवर व्याज हवे

माननीय विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस



परभणी जिल्ह्याच्या न्यायालयांत वकिली करीत असताना पोटगीच्या वसुलीची जी प्रकरणे मजकडे आली, त्यांतून एक अन्याय इतक्या सारख्या रूपाने पुनःपुन्हा समोर आला की, तो कोणा एका पक्षकाराची तक्रार म्हणून न राहता आपल्या खात्यापुढे जाहीरपणे मांडला जावा, असे मला वाटू लागले. न्यायालयाने मुलाच्या उदरनिर्वाहासाठी ठरवून दिलेली रक्कम बापाने महिनोन्महिने थकविली, तरी त्या थकबाकीवर व्याज देण्याचे बंधन पोटगीचे कलम त्याच्यावर घालीत नाही. आणि त्याच काळात मुलाची आई मात्र घरची चूल पेटती ठेवण्यासाठी व्याजाने पैसे काढीत असते.

गोदाकाठच्या एका खेड्यातील बाई वसुलीच्या तारखेला आली, तेव्हा तिच्या पिशवीत हुकुमाची नक्कल होती आणि तिच्याच घडीत बचत गटाचे पासबुक होते. ज्या महिन्यांची पोटगी बुडाली होती, नेमक्या त्याच महिन्यांत दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने कर्ज उचलल्याच्या नोंदी त्या पासबुकात होत्या. वॉरंट निघाल्याचे कळताच नवरा थोडी रक्कम घेऊन हजर झाला, वॉरंट रद्द झाले, आणि उरलेल्या रकमेसाठी पुढची तारीख पडली. लेकीच्या चष्म्याचे, वह्यांचे, औषधपाण्याचे पैसे कर्जातून केव्हाच खर्च झाले होते.

हिशेब साधा आहे. दरमहा ३,००० रुपयांची पोटगी, प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेस देय असलेली, वर्षभर थकली, तर मुद्दल ३६,००० रुपये होते. प्रत्येक हप्ता आईने वरील दराने कर्ज काढून भागविला, तर वर्षअखेर तिच्यावर ४,६८० रुपये सरळ व्याज चढते. म्हणजे दीड महिन्याच्या पोटगीहून अधिक रक्कम तिच्या पदरची जाते. बापाकडून मात्र वसूल व्हायचे ते मुद्दल तेवढे. दरसाल दरशेकडा ९ रुपये आकारले असते, तरी त्याला अवघे १,७५५ रुपये द्यावे लागले असते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, म्हणजे पूर्वीचे कलम १२५, थकबाकीसाठी वॉरंट आणि प्रत्येक महिन्याच्या थकबाकीबद्दल एक महिन्यापर्यंतची कैद सांगते. कैद भोगल्याने देणे फिटत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली दिला. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात त्याच न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि तिची बजावणी दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणेही करता यावी, असे ठरविले. एवढी तजवीज असूनही कलम १४४ मध्ये व्याजाचा उल्लेख नाही. उलट रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज न केल्यास तिच्यासाठी वॉरंटच काढता येत नाही. विलंबाचा लाभ सर्वस्वी ऋणकोला मिळतो.

आणि व्याजाची कल्पना पोटगीच्या कायद्याला अपरिचित आहे, असेही नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेल्या अधिनियमाचे कलम १४ न्यायाधिकरणाला पोटगीच्या रकमेवर ५ ते १८ टक्के सरळ व्याज देण्याचा अधिकार देते. वृद्ध पित्याला मुलाकडून जो न्याय मिळू शकतो, तो अज्ञान मुलाला पित्याकडून का मिळू नये, याचे समर्पक उत्तर मला कोठेही आढळले नाही. घरपट्टी थकली तर महानगरपालिका दरमहा दोन टक्के शास्ती लावते. लेकराच्या भाकरीची थकबाकी त्याहून हलकी मानावी काय?

दुष्काळात होरपळलेला शेतमजूर किंवा उचल फेडता फेडता थकलेला ऊसतोड कामगार खरोखरच असमर्थ असतो, हे मराठवाड्यात राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. अशा माणसासाठी पोटगीची रक्कम बदलून घेण्याची तरतूद कायद्यात आधीपासून आहे, आणि कारणे नमूद करून व्याज कमी करण्याचा अधिकारही न्यायाधीशाला असावा. माझे म्हणणे ऐपत असून देणे टाळणाऱ्यांपुरते आहे, आणि त्यांची संख्या थोडी नाही.

फौजदारी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतील विषय आहे. पोटगीची ५०० रुपयांची कमाल मर्यादा अपुरी ठरली, तेव्हा केंद्राची वाट न पाहता महाराष्ट्राने १९९९ साली ती आपल्यापुरती १,५०० रुपयांवर नेली. देशभर ती मर्यादा उठली ती २००१ साली. तोच मार्ग आजही मोकळा आहे. थकलेल्या प्रत्येक हप्त्यावर देय तारखेपासून सरळ व्याज चढावे, त्याची आकारणी न्यायालयाच्या कचेरीनेच करून ती वॉरंटावर नोंदवावी, आणि त्यासाठी आईला वेगळा अर्ज करावा लागू नये, अशा आशयाचे दुरुस्ती विधेयक आपण येत्या अधिवेशनात मांडावे आणि संमत झाल्यावर राष्ट्रपतींच्या अनुमतीसाठी पाठवावे, ही आग्रहाची विनंती.

कळावे,
आपला नम्र,
परभणी जिल्ह्यातील एक वकील