शर्यतीचा घोडा आणि बलवर्धक औषधे

म्हैसूर शहरात चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी घोड्यांच्या शर्यतींचे विस्तीर्ण मैदान आहे. तेथील रेस क्लब १८९१ साली स्थापन झाला. शर्यत म्हणजे केवळ करमणूक नव्हे, ती अश्वपैदाशीची कसोटी होय, असा शर्यतीच्या समर्थकांचा जुना दावा आहे. मैदानावर जो सरस ठरेल त्याचा वंश वाढवावा, हे त्यामागील तत्त्व. हा दावा प्रामाणिक असेल, तर ॲनाबॉलिक स्टेरॉइडांना तबेल्यात थारा मिळता कामा नये.

ॲनाबॉलिक म्हणजे शरीराची जडणघडण वाढविणारे. वृषणांत निर्माण होणारे टेस्टोस्टेरॉन हे या वर्गातील मूळ द्रव्य. ते १९३५ साली शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले व त्याच वर्षी प्रयोगशाळेत बनविण्यातही आले. नँड्रोलोन, बोल्डेनोन, स्टॅनोझोलोल ही त्याची भावंडे. ती स्नायूंतील प्रथिनांची घडण वाढवितात. आजाराने खंगलेल्या जनावराला अंग धरता यावे म्हणून पशुवैद्यांनी ती वापरली, त्यास कोणी नावे ठेवू नयेत. परंतु धडधाकट घोड्याला ती बाहेरून मिळू लागली, की त्याचे स्वतःचे वृषण आक्रसतात आणि शुक्रजंतूंची निर्मिती घटते. घोडी नराप्रमाणे वागू लागते, तिचे ऋतुचक्र बिघडते. ज्याचा वंश वाढवावयाचा, त्याच्याच वंशावर हा घाव!

अपराध ओळखणे मात्र सोपे नाही. स्टॅनोझोलोल घोड्याच्या शरीरात कधीच तयार होत नाही, तेव्हा त्याचा लेशही पुरावा ठरतो. उलट टेस्टोस्टेरॉन, किंबहुना नँड्रोलोनसुद्धा, अंड्या घोड्याच्या मूत्रात निसर्गतःच आढळते. म्हणून तेथे मर्यादा ठरवाव्या लागतात. खच्ची केलेल्या घोड्याच्या मूत्रात टेस्टोस्टेरॉनची आंतरराष्ट्रीय मर्यादा दर मिलिलिटरास २० नॅनोग्रॅम आहे.

याहून मोठी अडचण काळाची. औषध शरीराबाहेर निघून जाते, कमावलेला स्नायू मागे राहतो. केवळ शर्यतीच्या दिवशी नमुना घेणे म्हणजे चोर पळाल्यावर पहारा बसविणे. इंग्लंडमध्ये न्यूमार्केट येथे २०१३ साली एकाच शिक्षकाच्या अकरा घोड्यांत स्टेरॉइडे सापडली, ती तबेल्यात जाऊन घेतलेल्या नमुन्यांत. त्या शिक्षकावर आठ वर्षांची बंदी आली. पुढे २०१५ पासून ब्रिटनने अशा घोड्याला चौदा महिने शर्यतीबाहेर ठेवण्याचा नियम केला. अमेरिकेत २००८ पर्यंत बहुतेक राज्यांत ही औषधे उघडपणे दिली जात. त्या वर्षी केंटकी डर्बी जिंकणाऱ्या ‘बिग ब्राउन’लाही स्टॅनोझोलोल दिलेले होते.

म्हैसूरच्या मैदानावर धावणारा घोडा एका गावचा नसतो. आज बंगळूर, उद्या पुणे किंवा मुंबई. तेव्हा एका क्लबने कितीही दक्षता घेतली तरी ती अपुरी पडेल. शिंगराच्या नोंदणीपासूनच औषधांची वही घोड्याबरोबर फिरावी आणि तपासनीसाने तबेल्यात वर्दी न देता यावे. आयाळीच्या केसांत काही स्टेरॉइडांचा माग कित्येक महिने टिकतो. तो नमुना घेण्यास कात्री पुरते. प्रयोगशाळेचा खर्च मोठा आहे खरा, पण तो पैजांच्या उलाढालीतून काढणे अवघड नसावे. माणूस-खेळाडूला आपण काय घेतले हे निदान ठाऊक असू शकते. घोड्याच्या वतीने ते सांगणारी ती वहीच.