जुनी इमारत आणि पुराची रेघ



‘जुन्या इमारतीत भाड्याने राहूच नये’ हे साताऱ्याच्या वाचकांचे पत्र वाचले. अजिंक्यताऱ्याच्या कुशीत बसून ओल आणि गळकी गच्ची एवढ्याच तक्रारी सुचणार! आम्हा सांगलीकरांचे गणित वेगळे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या जिन्यातली ती मातकट रेघ दोनदा रंग देऊनही उमटतेच.

तरी मी इथेच राहतो. जाड भिंतींमुळे एप्रिलमध्येही दुपारी डोळा लागतो, मंडई पायी पाच मिनिटांवर, आणि पाणी चढू लागले तेव्हा वरच्या काकूंनी आमच्या गाद्या न विचारता वर नेल्या. लिफ्ट नाही, सिलिंडरवाला कुरकुरतो, हे कबूल.

मात्र ३० वर्षांवरील इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्याने बंधनकारक आहे, आणि भाडेकरार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. आमच्या मालकांना दोन्हींची आठवण मलाच करून द्यावी लागली. घर पाहायला जाल तेव्हा फरशी नंतर पाहा. आधी विजेचे मीटर त्या रेघेच्या वर आहेत की खाली, ते बघा.

– एक भाडेकरू, गावभाग, सांगली