ताईपणाची ड्यूटी

घरात दुसरे मूल जन्माला आले की पहिल्याचे नाव बदलते. काल-परवापर्यंत जिला सगळे ‘बाळ’ म्हणत होते, ती एका रात्रीत ‘ताई’ होते. भेटायला येणारी पाहुणेमंडळी धाकट्याच्या मुठीत नोट कोंबतात, झबले-टोपडे देतात आणि थोरलीला मात्र एक वाक्य देऊन जातात, “आता तू ताई झालीस हं, आईला मदत करायची!” बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण वाचक बंधू-भगिनींनो, या एका वाक्याने सहा-सात वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर किती वजन येते, याचा हिशेब आपण क्वचितच मांडतो. आज तो मांडू या.

हिशेब हा शब्द मुद्दाम वापरला. आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यातून पोटासाठी कारकुनी. मस्टर आणि रकाने यांत आमचा जन्म चालला आहे. आमच्या घरी थोरली साडेसहा वर्षांची, पहिलीत जाते. धाकटा एक वर्ष दहा महिन्यांचा. कल्याण पूर्वेला दोन खोल्यांचा संसार. सहचारिणी एका खाजगी दवाखान्यात नोकरीला जातात. मातोश्री आमच्याबरोबर असतात, पण गुडघ्यांनी त्यांना जेरीस आणले आहे. म्हणजे ज्याला चारचौघांसारखे घर म्हणतात, तसे हे घर.

सकाळी सहा ते साडेआठ या अडीच तासांत या घरात काय काय चालते ते लहान मुले असणाऱ्यांना सांगायला नको. कुकरची शिट्टी, पाण्याची वेळ, थोरलीची वेणी, तिचा डबा. धाकट्याला हल्ली सगळे स्वतःच्या हाताने हवे. भात स्वतः खायचा, त्यातला निम्मा जमिनीला, थोडा केसांना. चप्पल स्वतः घालायची, तीही आजीची. कोणी मदत केली की आडवे पडून भोकाड. हे हट्ट वयाचे आहेत. पोर वाया चालले असे समजून हात उगारण्याची काही गरज नाही. पाच मिनिटे जास्त धरून चालायचे आणि जमीन पुसायचे फडके हाताशी ठेवायचे, एवढाच त्यावर उपाय.

या धबडग्यात सगळ्यांत सोपी हाक कोणती? “ए ताई, जरा याला धर गं!” एकदा धर, दोनदा धर. हळूहळू ती हाक राहत नाही, ड्यूटी होते. आमच्या घरी दुसरे बाळ यायचे ठरले तेव्हाच आम्ही उभयतांनी एक गोष्ट पक्की केली होती की थोरली ही बहीण असेल, आया नसेल. ठरवणे सोपे असते, पाळले जाते की नाही हे मोजावे लागते. म्हणून मध्यंतरी सात दिवस आम्ही भिंतीवर एक तक्ता लावला. आजी, आई, बाबा, ताई असे चार रकाने. धाकट्याला ज्याने जितका वेळ सांभाळले तितकी मिनिटे त्याच्या रकान्यात. आठवड्याअखेर बेरीज मारली तेव्हा ताईच्या रकान्यात रोजची साधारण वीस मिनिटे आली, तीही बहुतेक खेळण्याची. सर्वांत लांब रकाना आईचाच निघाला. त्यावर संध्याकाळची आंघोळ आणि रात्रीचे भरवणे बाबांकडे वर्ग करण्यात आले. वर्ग केलेली नोंद परत फिरवायची नाही, हा हिशेबाचा नियम घरातही लागू आहे.

हा तक्ता आमच्या घरापुरता. देशाचा तक्ताही उपलब्ध आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. त्यात असे दिसले की घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवतात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. मुळात दिवसभरात असे काम करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ आणि पुरुष शंभरात २६. आता यातली मेख पाहा. ही पाहणी सहा वर्षे आणि त्यापुढच्या माणसांची आहे. म्हणजे सहाव्या वर्षापासूनच मुलीचा वेळ देशाच्या हिशेबात मोजला जाऊ लागतो. आपल्या घरच्या हिशेबात मात्र त्याला ‘जरा धर गं’ म्हणतात.

तक्ता लावला तेव्हा मातोश्रींना तो पसंत पडला नाही. “आरं, आमी न्हाई संबाळली भावंडं? काय मेलो का?” त्या म्हणाल्या. आम्ही गप्प राहिलो. वडीलधाऱ्यांशी हुज्जत घालून काही हाती लागत नाही. त्या रात्री धाकट्याला थोपटता थोपटता त्या आपणहूनच बोलल्या, “मी बी गेले व्हते साळंत. भाऊ कडंवर असायचा. त्यो रडला की गुरुजी म्हणायचे, त्याला घिऊन घरी जा. मंग रोजच घरी जायला लागले. तवापासून घरीच हाय.” एवढे बोलून त्यांनी धाकट्याच्या अंगावर दुपटे ओढले. मातोश्री अंगठा लावतात. तिन्ही मामा मात्र शिकले, एक तर सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. ज्या कडेवर बसून ते वाढले, त्या कडेचा हिशेब कोणी केला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तक्त्यात आजीच्या रकान्याची मिनिटे त्या स्वतःच विचारून लिहायला सांगू लागल्या.

कोणी म्हणेल, घरात भावंडांनी एकमेकांना पाहायचे नाही तर कोणी पाहायचे? पाहावे, जरूर पाहावे. थोरली धाकट्याला चित्राचे पुस्तक दाखवते, त्याचा पडलेला चेंडू आणून देते, तो रडला की बडबडगीते म्हणते. यात तिलाच आनंद आहे. प्रश्न मदतीचा नाही, जबाबदारीचा आहे. दोहोंतला फरक ओळखायला आम्ही तीन प्रश्न वापरतो. पहिला, तिला ‘नाही, मला आता खेळायचे आहे’ असे म्हणण्याची मुभा आहे काय? दुसरा, त्या कामापायी तिची शाळा, अभ्यास, खेळ किंवा झोप यांतले काही बुडते काय? तिसरा आणि महत्त्वाचा, थोरला मुलगा असता तर आपण त्यालाही हेच सांगितले असते काय? तिन्ही उत्तरे सरळ असतील तर ती मदत. एकही वाकडे असेल तर ती ड्यूटी.

यात धाकट्याच्या जिवाचाही प्रश्न आहे. दीड-दोन वर्षांचे मूल मोरीतल्या बादलीत डोकावले आणि डोक्याच्या भाराने आत गेले तर वीतभर पाण्यातही घात होतो. अख्खा शेंगदाणा, फुटाणा, नाणे, रिमोटचा सेल यांतले काहीही त्याच्या घशात जाऊ शकते. स्टोव्ह, इस्त्री, उकळती डाळ यांचे तर सांगायलाच नको. हे सगळे ओळखून क्षणात धावण्याची समज सहा वर्षांच्या मुलीत नसते, ती असावी अशी अपेक्षाही करू नये. आणि दुर्दैवाने काही घडलेच तर ‘ताईचे लक्ष नव्हते’ हा शिक्का त्या पोरीला जन्मभर पुरतो. म्हणून बादल्या रिकाम्या किंवा झाकलेल्या, मोरीला कडी, आणि मोठ्या माणसाची नजर, या तीन गोष्टी मोठ्यांनीच सांभाळायच्या.

काही घरांत यावर मोबाइल हा तोडगा काढला जातो. दोघांच्या पुढ्यात एक मोबाइल ठेवला की घर शांत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की दोन वर्षांखालील मुलांपुढे पडदा नसावाच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, कमी तितके बरे. धाकट्याच्या वयाच्या मुलाला दिवसाला ११ ते १४ तास झोप लागते. ती झोप नीट झाली तर निम्मे हट्ट आपोआप कमी होतात, हा घरोघरचा अनुभव आहे.

आरोग्याचा विषय निघालाच आहे तर एक नोंद. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीचा पहिला बूस्टर असतो. पाच ते सहा वर्षांत त्रिगुणीचा दुसरा बूस्टर. पहिल्या वर्षीच्या लसी सगळे आठवणीने देतात. मूल चालू-पळू लागले की कार्ड कपाटात जाते आणि हे डोस राहून जातात. सरकारी केंद्रात ते मोफत मिळतात. आजच कार्ड काढून पाहावे.

थोरलीलाही आपले दुःख असते. धाकटा आल्यावर तीच बोबडे बोलू लागते, बाटलीने दूध मागते, मधूनच त्याला चिमटा काढते. त्याला ‘मत्सर’ असे मोठे नाव देऊन रागावू नये. आपली जागा अजून शाबूत आहे ना, एवढेच ती तपासत असते. आमच्या घरी रात्री जेवणानंतरची वीस मिनिटे फक्त तिची. त्यात धाकट्याचा विषय नाही, अभ्यासही नाही. ती सांगते, आम्ही ऐकतो.

आता आमच्या चाळीतली एक गोष्ट. चौथीतली एक मुलगी आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळेत दिसेना. भाऊ दीड वर्षाचा, आई चार घरची धुणीभांडी करते, वडील नाक्यावर. कार्यकर्ता म्हणून आम्ही बोलायला गेलो. ती माउली म्हणाली, “भाऊ, पोरगी शिकावी हे मलाबी वाटतं. पण एक घर सुटलं तर महिन्याचे दोन हजार गेले. मग बाळाला कोण बघणार? तुम्ही येता का?” या प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येत नाही.

हा प्रश्न नवा नाही, त्याचे उत्तरही आपल्याच महाराष्ट्रात शोधले गेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे १९५७ मध्ये काम डहाणूजवळच्या कोसबाडला नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. तेथील ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी होती. धाकटे पाळणाघरात, मधले बालवाडीत, म्हणून थोरली वर्गात बसू शके. किती साधी गोष्ट! मातोश्रींच्या गुरुजींच्या शाळेत एक पाळणा असता तर?

आईला एकटीला हा भार टाकू नये, हा विचारही जुना आहे. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात मातृत्व लाभाचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा खर्च सरकारनेही सोसावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. पण चार घरची भांडी घासणाऱ्या बाईचा कारखाना कोणता? तिचे पाळणाघर वस्तीतच हवे. केंद्र सरकारच्या ‘पालना’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद आहे. आपल्या अंगणवाडीला ती मिळावी म्हणून अर्ज करणे, पाठपुरावा करणे, हे काम कार्यकर्त्यांचे आहे.

तोवर थांबायचे कशाला? आमच्या वस्तीतील विहाराचा हॉल रविवार सोडला तर कुलपात असे. महिला मंडळाने समितीशी बोलून गेल्या जूनपासून सकाळी आठ ते बारा तेथे मुले ठेवायला सुरुवात केली. नऊ मुले, दोन बाया सांभाळायला, वर्गणीतून त्यांचे मानधन. चटया घरोघरच्या, एक साडीची झोळी, मोरीला कडी. अडचणी आहेतच. वर्गणी वेळेवर येत नाही, एक बाई सोडून गेली, पावसात हॉल गळतो. महिन्याचा ताळेबंद अजून जुळत नाही, तो आम्हीच लिहितो म्हणून माहीत आहे. पण चौथीतली ती मुलगी आता रोज शाळेत जाते. तिची हजेरी आम्ही विचारून घेतली.

वाचकहो, आपापल्या वस्तीत किती मुली दुपारच्या वेळी भावंड कडेवर घेऊन दारात उभ्या दिसतात, ते या आठवड्यात मोजा. आकडा महिला मंडळाच्या बैठकीत मांडा. हॉलची किल्ली कोणाकडे आहे तेही त्याच बैठकीत विचारा.